दिवाडी–चोडणची सायकलफेरी: खाजनातले सपाट रस्ते पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी

गोव्यात सायकल न्यायची म्हटली की बहुतेक जण किनाऱ्याचा रस्ता धरतात आणि भाड्याच्या स्कूटरींच्या गर्दीत सापडतात. पणजीहून उलटीकडे, मांडवीच्या वरच्या अंगाला वळलात तर दिवाडी आणि चोडण ही दोन बेटे लागतात. मध्ये टेकडीवर वस्ती, भोवती खाजनाची शेते आणि त्यांच्या कडेने खारफुटी. रस्ते अरुंद पण डांबरी, वाहने थोडी, चढ म्हणावेत असे दोन-चारच. नवख्या सायकलस्वाराला हा भाग मी आनंदाने सुचवतो, फक्त आधी एक बजावून. इथले वेळापत्रक तुमच्या हातात नसते. ते भरती-ओहोटी, खारा वारा आणि फेरीबोट ही तिघे ठरवतात. त्यांचा अंदाज घेऊन निघालात तर 40 किलोमीटर कधी संपले कळत नाही. नाही घेतलात तर शेवटचे पाच किलोमीटर आयुष्यभर लक्षात राहतात.

जमीन सपाट का आहे, ते आधी

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढच्या अर्ध्या सूचना यातूनच निघतात. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीच्याही खाली असलेली शेतजमीन. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे असे सांगतात. माती आणि जांभा दगडाचे बांध घालून लोकांनी ती शेकडो वर्षांपूर्वी नदीकडून मिळवली आणि गावकारीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, राखली. बांधात ठिकठिकाणी मानस असते. हा लाकडी झडपांचा दरवाजा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते आणि शेतातले पाणी नदीत जाते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तीच झडप बंद होते. कोणी बटण दाबायला नको, वीजही नको. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि बांध फुटला तर एका उधाणात सगळे शेत खारे होते, म्हणून गाव बांधाकडे डोळ्यांत तेल घालून बघते.

सायकलवाल्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, बांध ही वाट नव्हे. लांबून मोहक दिसतो, फोटोही छान येतात, पण वर चिकण माती असते, कुर्ल्यांनी बिळे केलेली असतात आणि रोड सायकलचा बारीक टायर ओल्या बांधावर कडा कापत जातो. बांध बघायचा असेल तर सायकल रस्त्यावर लावा, शेतात कोणी असेल तर विचारा आणि पायी जा. दुसरी, मानशीजवळच्या पाण्यात उतरू नका. वरून संथ दिसणारे पाणी झडपेपाशी जोरात ओढते. मांडवी–जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात सुसरी आहेत, हेही जाता जाता. बोरीसारख्या गावात पौष अमावास्येला चिखलाची सुसर करून तिची पूजा होते, मांगें थापणी म्हणतात तिला. बांधाच्या गावांनी सुसरीशी असा समेट केलेला आहे. तुम्ही रस्त्यावर राहिलात म्हणजे झाले.

दिवस निवडणे

पहिल्या फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून–जुलैत लावणीचे खाजन डोळे निववते, हे खरे. पण पाऊस, वारा, निसरडे धक्के आणि फेरीबोट हे सगळे एकदम शिकू नये. ऑक्टोबरच्या कापणीत गावातल्या रस्त्याकडेला भात वाळत घातलेले दिसले तर सायकल आत दामटायची नाही, वळसा घ्यायचा. मार्च उजाडला की मिठागरे कामाला लागतात. बघण्यासारखी असतात, पण उन्हाने तुमचेही मीठ निघते.

आठवड्यातला वार म्हणाल तर रविवार. कामाच्या दिवशी सकाळी चोडणहून रायबंदरला येणाऱ्या फेरीबोटीत पणजीला नोकरीला जाणाऱ्यांची झुंबड असते, त्यात सायकल घुसवणे त्यांनाही नको आणि तुम्हालाही. दोन तारखा मात्र टाळा. ऑगस्टचा चौथा शनिवार, कारण तेव्हा दिवाडीला बोंदेराचा उत्सव असतो. आणि जुन्या गोव्याचे फेस्त 3 डिसेंबरला असते, त्याच्या आधीचे नऊ दिवसही नोव्हेनांमुळे, म्हणजे फेस्ताआधीच्या प्रार्थनांमुळे, गर्दीचे.

आता भरती. मुंबईपासून गोव्यापर्यंत कोळी आणि खारवी मंडळी वापरतात तो हिशोब शिकून घ्या, मोबाइलची बॅटरी संपली तरी चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9. पौर्णिमा–अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजायची आणि ती वेळ दिवसाला नि रात्रीला दोन्हीकडे धरायची. साधारण सहा तासांनी ओहोटी. तासभर इकडे-तिकडे होते, तेव्हा नेमकेपणा हवा असेल तर भरतीचे छापील कोष्टक बघा.

याचा उपयोग कशाला? पौर्णिमा–अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. पूर्ण भरतीला धक्क्याच्या उताराचे टोक पाण्याखाली जाते, पूर्ण ओहोटीला शेवाळलेला भाग उघडा पडतो. पक्षी बघायचे तर मात्र ओहोटीच हवी, कारण चिखल उघडा पडल्याशिवाय ते जेवायला उतरत नाहीत. पंचमी–षष्ठीला भरती पहाटे चारच्या सुमारास येते, ओहोटी दहा-साडेदहाला, आणि तोवर तुम्ही चोडणच्या खारफुटीपाशी पोचलेले असता. उधाणही नसते. माझ्या मते नवख्याने पंचमी किंवा षष्ठीच्या जवळचा रविवार पकडावा आणि बाकी विचार करू नये.

सायकल आणि सामान

रोड सायकल असेल तर 28 मिलिमीटरचा टायर बसवा, 25 वरही निभते. 70 किलोच्या माणसाने 28च्या टायरात 75 पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. दगडासारखा टणक टायर गावातल्या गतिरोधकांवर आणि फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर तुमचे मनगट खातो. हायब्रीड सायकल असेल तर उत्तमच, वेगाची चिंता करू नका. भाड्याची घेत असाल तर ब्रेक, चेन आणि सीटची उंची दारातच तपासा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला की उंची बरोबर.

सोबत दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, दोन बाटल्या पाणी, त्यांतल्या एकीत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. बेटावर सायकलची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. पुढे-मागे दिवे हवेतच. डिसेंबर–जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि मांडवीवर सकाळी धुके असते, त्यात समोरच्या बसला तुम्ही दिसत नाही. तळाशी धातूचे क्लीट असलेले बूट घरी ठेवा. आज दर तासाला सायकलवरून उतरायचे आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेचे करमळी स्थानक ध्यानात ठेवावे, ते जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे. सायकल चाके काढून पिशवीत भरली तर सोबत नेणे सोपे. तशीच न्यायची तर सामानाच्या डब्यात नोंद करावी लागते आणि तुमची गाडी त्या स्थानकावर सामान उतरवण्याइतकी थांबते का, हे निघण्याआधीच पार्सल कचेरीत विचारावे. मुंबईकडून येताना थिवी सुटले की खिडकीशी बसा. रेल्वे मांडवी ओलांडताना दिवाडी बेटावरूनच जाते. स्थानक नाही, पण ज्या खाजनात सायकल चालवायची आहे ते वरून आयते बघायला मिळते.

पहिला टप्पा: पणजी ते जुने गोवे

साडेसहा-पावणेसातला निघा. मेरशीवरून जाणारा मोठा महामार्ग घेऊ नका, रायबंदरचा कॉजवे घ्या. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटने 1630च्या दशकात दलदलीत हा सुमारे तीन किलोमीटरचा पूल-रस्ता बांधला, आणि आजही त्यावरून बस जाते. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला मिठागरे आणि खाजन. कठडा बुटका, रस्ता बेताचा. डाव्या काठाला अगदी चिकटून चालवू नका. काठापासून हातभर आत, सरळ रेषेत चाललात की मागचा बसवाला अंदाज घेऊन ओलांडतो. काठाला घासत चाललात तर त्याला वाटते जागा भरपूर आहे.

इथेच सपाट रस्त्याची पहिली खोड कळेल. उतार नाही, म्हणजे पाय थांबवायला निमित्त नाही. घाटात चढाने दमलेला माणूस उतारावर बसून विसावतो, इथे तासभर पाय फिरतच राहतात आणि बैठक एकाच जागी दुखू लागते. उपाय साधा. हलका गिअर ठेवून मिनिटाला 80 च्या आसपास फेरे मारा, जड गिअर रेटू नका. दर दहा मिनिटांनी चार पॅडल उभे राहून मारा आणि हँडलवरची हाताची जागा बदला. बोटांना मुंग्या आल्यावर बदलून फारसा उपयोग होत नाही.

रायबंदरच्या जुन्या घरांमधून रस्ता वळणे घेतो. इथे पोदेर, म्हणजे पाववाला, भेटण्याची शक्यता दाट. सायकलच्या कॅरिअरवर पावाची टोपली, हातात भोंपू. भारी वजन घेऊन गल्लीबोळातून सायकल कशी न्यावी हे त्याच्याकडे बघून शिकण्यासारखे आहे. गरम पोयी (गोव्याचा पाव) घ्या, खिशात टाका.

दुसरा टप्पा: फेरीबोट आणि दिवाडी

जुन्या गोव्यात चर्चच्या आवारांमधून नदीकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर उतरतो. फेरीबोटीत चढायची रीत नवख्यांना कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

उताराच्या वर थांबा, खाली जाऊन गर्दी करू नका. आलेल्या बोटीतली माणसे आणि गाड्या आधी पूर्ण उतरू द्या. मग सायकलवरून उतरून, दोन्ही हात ब्रेकवर ठेवून चालत खाली जा. सायकलवर बसूनच खाली जायचा मोह टाळा, ओल्या लोखंडावर बारीक टायर क्षणात आडवा होतो. शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर गाड्यांच्या चाकांनी घासून स्वच्छ झालेल्या पट्ट्यांतून चाला. बोटीत मोटारींच्या मध्ये न घुसता कठड्याजवळ उभे राहा आणि पार होईपर्यंत सायकल हातात धरा, स्टँडवर सोडू नका. उतरताना मोटारसायकलवाले बोट टेकायच्या आधीच इंजिन सुरू करून पुढे सरकतात. त्यांना जाऊ द्या. तुम्हाला ऑफिस गाठायचे नाहीये. सुटे पैसे जवळ असावेत.

दिवाडीला उतरलात की समोर खाजनातून जाणारा सरळ रस्ता. माझ्या लेखी सबंध फेरीतला हा सर्वांत देखणा तुकडा आहे, म्हणून इथे वेग मोजू नका. दोन्हीकडे शेते, मध्येच पाण्याची पोंय, म्हणजे तळे, त्यात खंड्या आणि ढोकरी. रस्ता भोवतालच्या शेतांहून थोडाच उंच असल्याने कडेला उतरण्याजोगी जागा कमी. मागून गाडी आली तर घाईने डांबर सोडू नका, खालची माती पोकळ असते. हात दाखवा, हळू करा, जिथे रुंदी मिळेल तिथे बाजू द्या. गुरे रस्त्यात बसलेली असतील तर त्यांच्या मागून जा, तोंडासमोरून नको. कुत्रे मागे लागले तर उतरा आणि सायकल मध्ये ठेवून चाला. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो.

मग पिएदाद या टेकडीवरच्या गावाचा चढ. दिवाडीवर हा एकच खरा चढ आणि तोही छोटा. हलका गिअर पायथ्याशीच टाका, चढ सुरू झाल्यावर चेनला ताण असताना टाकू नका. वर चर्चपाशी थांबून पाणी प्या. इथून खाजनाची पूर्ण रचना नजरेत येते: टेकडीवर घरे, उतारावर झाडे, तळाला शेते, मग बांध, मग नदी.

पहिलीच वेळ असेल, किंवा एव्हाना साडेनऊ वाजून गेले असतील, तर इथून मागे फिरा. आल्या वाटेने पणजीला परतलात तरी पंचवीसेक किलोमीटर होतात आणि ते चांगले होतात. पुढची फेरी पूर्ण करायची खुमखुमी असेल तरच पुढे वाचा.

तिसरा टप्पा: नार्वे, मये, चोडण

पिएदादवरून पलीकडे उतरत नार्वेच्या फेरीचा रस्ता विचारा. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे नार्वेच म्हणतात, त्यामुळे "डिचोलीकडची फेरी" असे विचारले की गोंधळ होत नाही. हे पाणी ओलांडताना एक लक्षात असू द्या. दिवाडीचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव असाच नदीपार नेऊन पलीकडच्या नार्व्यात स्थापन झाला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देऊळ धक्क्यापासून फार लांब नाही. झाडीत, शांत, सायकल टेकवून अर्धा तास बसावे असे. देवळात जाताना सायकलची तंग चड्डी घालून जाऊ नये, वरून घालायला एक पातळ पँट सोबत असू द्यावी.

नार्वे ते मये हा भाग सपाट नाही. जांभ्याच्या टेकड्यांमधून लहान-मोठे चढउतार लागतात आणि डिचोली तालुक्यातले मालवाहू ट्रकही. एका रांगेत चालवा, गप्पा थांबवा. मयेहून पुलावरून चोडणात शिरलात की पुन्हा जमीन आडवी होते.

चोडणच्या दुसऱ्या टोकाला, रायबंदरच्या फेरीधक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. सायकल आत नेण्याचा प्रश्न नाही, फाटकाशी विचारून कुलूप लावा, तिकीट काढा, पायी जा. ओहोटीची वेळ साधली असेल तर चिखलावर निवटे उड्या मारताना दिसतील आणि काठाला बगळे, तुतवार. दुर्बीण नसली तरी चालते, बडबड मात्र नको. डासांसाठी काहीतरी लावून जा, नाहीतर पक्षी सोडून हातच बघत बसाल.

परतीचा वारा

साडेदहा-अकरापर्यंत रायबंदरला उतरलेले असावे, असे मी आग्रहाने सांगतो. जमीन तापू लागली की समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत वाढत जातो. तुमचा शेवटचा तुकडा, कॉजवे, नेमका पश्चिमेकडे तोंड करून आणि आडोशाला एक झाड नाही. ताशी 20 ने चालवताना समोरून ताशी 15 चा वारा असेल तर अंगावर 35 चा झोत येतो आणि हवेचा विरोध जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून वाऱ्यात वेग टिकवायला जाऊ नका. दोन गिअर हलके करा, कोपरे वाकवा, छाती खाली घ्या, ताशी 14–15 वर समाधान माना. दोघे-तिघे असाल तर एकामागे एक, मधले अंतर एका सायकलीएवढे, आणि दोन-दोन मिनिटांनी पुढचा मागे. नवख्यांनी याहून जवळ चिकटू नये. वेग किती, याकडे बघूच नका. श्वास बोलण्याइतका राहतो का, तेवढे बघा.

उशीर झालाच तर हट्टाने निघण्यापेक्षा रायबंदरला भाजी-पाव खा, सोलकढी मिळाली तर प्या आणि ऊन उतरल्यावर निघा. वारा संध्याकाळी पडतो. दिवे सोबत आहेतच.

घरी आल्यावर

खाऱ्या हवेचा आणि धक्क्यावरच्या पाण्याचा थर लोखंडावर बसलेला असतो. त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकलीत तर चेनवर तांबूस डाग उगवतात. पाइपचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, बादली आणि फडके पुरेसे. चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटे थांबून वरचे जास्तीचे तेल पुसून टाका. सीटचा दांडा वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून ग्रीस लावा. खाडीकाठच्या सायकलींत सर्वांत आधी तोच अडकतो, आणि अडकला की मेकॅनिककडेही त्यावर सोपा इलाज नसतो.